नेरच्या कबड्डीतलं रिकामं वर्ष

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. नेरला उतरले, आणि तिच्या घरी पोचण्याआधी तिचा फोटो मला चौकातल्या फलकावर दिसला. ‘आमच्या कबड्डी स्पर्धेचा बुलंद आवाज हरपला.’ खाली नव्या आयोजकांचे चेहरे, तिच्यापेक्षा मोठे. ज्यांनी दोन हिवाळ्यांपूर्वी तो आवाज बंद केला, तेच तो हरपल्याचं गावाला सांगत होते. महिना उलटला, राग उतरलेला नाही. म्हणून लिहिते आहे.

आत्याचे यजमान, आमचे फुवाजी, लाऊडस्पीकर भाड्याने देत. कापूस घरात आला की दरवर्षी बाजाराच्या मागच्या पटांगणावर कबड्डीचे खुले सामने व्हायचे. एका वर्षी निवेदकाचा घसा बसला आणि वायरी गुंडाळायला बसलेल्या आत्याने माईक हातात घेतला. तो मग तिच्याकडेच राहिला. माईकच्या दांडीचा स्क्रू गंजून पुरुषाच्या उंचीला अडकलेला. तो ढिला करायचं कधी कोणाच्या मनात आलं नाही. आत्या सोड्याच्या बाटल्यांचं लाकडी खोकं पालथं घालून त्यावर उभी राहायची. सुरुवातीला गावोगावची पोरं खेळत. पुढे बक्षीस वाढलं आणि कबड्डीवरच पोट असलेले व्यावसायिक खेळाडू येऊ लागले. त्यांनाही ती सोडायची नाही. “पैशे घेऊन खेळून राह्यले ना भाऊ, मंग दम तं पुरा घ्या.”

अंतिम सामन्याआधी आत्या स्पर्धेचा सगळा इतिहास बोलायची. कागद नाही, काही नाही. “पह्यल्या वर्षी कप कोनं नेला?” ती विचारायची आणि अख्खं मैदान ओरडायचं, “दारव्हा!” अशी एकेक वर्षं पुढे सरकायची. मग एका वर्षाशी ती थांबायची. त्या वर्षी अंतिम सामन्यात उमरखेडचा गजानन चढाई करता करता कोसळला, तो उठलाच नाही. कप कोणालाच दिला नाही. आत्या नुसतं “त्या वर्षी...” म्हणायची आणि गप्प व्हायची. मैदान गप्प. फुटाणेवाल्याचा झारासुद्धा थांबायचा. जरा वेळाने ती म्हणायची, “आता समोरचं वर्ष,” आणि गाडी पुढे निघायची. तेवढ्यासाठी गजाननचे वडील दरवर्षी उमरखेडहून बस बदलत यायचे. मैदानाभोवतीच्या दोराजवळ बसायचे. ती शांतता संपली की सामना न पाहताच उठायचे.

मग नवे आयोजक आले. फलकावर छापलं, ‘वर्ष पहिले’. जणू आधी या मातीत कोणी दम धरलाच नव्हता. त्यांचा म्होरक्या आत्याच्या अंगणात आला तेव्हा मी तिथेच होते.

“आत्याबाई, मजेच्या कार्यक्रमात मयताचं काहून काढता?”

“मजा करा ना भाऊ. मले थोडीशी चूप पाह्यजे. तुमच्या डीजेलेही आराम.”

“मोबाइलवर लाइव्ह दाखवून राह्यलो आपन. आवाज बंद झाला तं लोकं म्हनतीन, लाइन गेली.”

“म्हनू द्या. पन गजाननचं वर्ष मी गाळत नाही.”

त्यांनी नागपूरहून निवेदक आणला. त्या दिवशी आत्या बायांमध्ये जाऊन बसली. अंतिम सामन्याआधी गाणी वाजली, धूर सोडला, आणि खेळ सुरू झाला. गजाननचे वडील दोराजवळ तसेच बसून. आपलं व्हायचं आहे असं समजून त्यांनी पहिल्यांदाच अख्खा सामना पाहिला, बक्षिसं वाटताना पाहिली. खुर्च्या उचलायला लागले तेव्हा त्यांनी आत्याला विचारलं, “बाई, आपलं झालं का?”

“नाही झालं, बाबा. बसा.” ती त्यांच्याजवळ मातीत बसली आणि माईकशिवाय पहिल्या वर्षापासून सुरू झाली...

शोकसभेत तोच म्होरक्या म्हणाला, “ताईंसाठी दोन मिनिटं शांतता पाळू.” सगळे उभे राहिले. मी बसून राहिले. शेजारच्या काकूंनी हात ओढला, “ऊठ ना पोरी, लोकं पाहून राह्यले.” पाहू देत. एका म्हाताऱ्या बापाची शांतता हिसकावून घेणाऱ्याने ती कमलआत्याच्या नावाने वाटावी आणि आम्ही माना खाली घालून घ्यावी, हे मला जमणार नाही. त्या दोन मिनिटांत त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला.

मागच्या आठवड्यात गजाननचे वडील आत्याच्या घरी आले. ती माईकची दांडी कोपऱ्यात, स्क्रू त्याच उंचीला. शेजारी खोकं. फुवाजींनी खुर्ची दिली, पण ते खोक्याशेजारी खालीच बसले. मग, आयुष्यभर नुसत्या वायरी सांभाळलेले फुवाजी हळूच म्हणाले, “पह्यल्या वर्षी कप कोनं नेला?”

“दारव्हा,” म्हातारबा म्हणाले.

फुवाजी दोनदा चुकले, मी सांगितलं. त्या वर्षाशी आलो आणि तिघेही थांबलो. बराच वेळ गेला. पुढे जायचं तर “आता समोरचं वर्ष” असं म्हणायला हवं होतं. ते नेहमी तीच म्हणायची. आम्ही खोक्याकडे पाहत राहिलो.