खांदा कसा आहे?

कुवेतमध्ये शुवैखच्या रस्त्यावर गाडीत होते, तेव्हा रुमैथियाहून सबनीस वहिनींचा फोन आला. "डॉक्टर गेले गं..." एवढंच बोलल्या. सकाळचा चहा घेता घेता डॉ. सबनीस खुर्चीतच कलंडले होते. आता दीडेक महिना होईल. त्यांच्याच हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट. माझी उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या हाताखाली गेली.

मूळचे नाशिकचे, हाडांचे डॉक्टर, घरीदारी मितभाषी. पेशंटशी अरबीत बोलताना मात्र खुलायचे. इथे आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरली, तेव्हा सांबो कुस्तीच्या मॅटवर त्यांना डॉक्टर म्हणून बोलावलं. मदतीला मी. सांबोत मल्ल जॅकेट घालून उतरतात, आणि हात-पाय पिळूनही समोरच्याला शरण आणता येतं. कांस्यपदकाच्या लढतीत साताऱ्याकडची रेश्मा गुणांवर पुढे होती. अगदी शेवटाला ती खांद्यावर आपटली आणि तशीच पडून राहिली.

डॉक्टर खांदा चाचपत होते. ती मराठीत कुजबुजली, "डॉक्टर, थोडंच राह्यलंय. लढू द्या मला."

"हात वर कर."

हात अर्ध्यावरच अडला.

"पदक मिळालं तर पोलिसात घेत्यात... खांदा माझाच हाय न्हवं?"

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि पंचांकडे पाहून नकारार्थी मान हलवली. लढत थांबली. पदक दुसरीच्या गळ्यात गेलं.

संध्याकाळी स्कॅन झाला. आत काहीही फाटलेलं नव्हतं, नुसता मुका मार. डॉक्टर पडद्यासमोरून उठेनात. मी म्हटलं, "सर, तिथे कुणालाही हेच वाटलं असतं."

"वाटलं मला. गेलं तिचं."

रिपोर्ट कुणाच्याही हाती पाठवता आला असता. ते स्वतः तिच्या खोलीवर गेले आणि जे होतं ते सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर ते कुठल्याही मॅटवर गेले नाहीत. रेश्माला नोकरी मिळाली नाही, हे त्यांना तिच्या प्रशिक्षकांकडून कळलं. अधूनमधून ते तिला मेसेज करत, 'खांदा कसा आहे?' उत्तर कधी आलं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, सर, आता पुरे. "उत्तरासाठी कुठे विचारतोय गं..." म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मागच्या शुक्रवारी वहिनींकडे गेले होते. आता त्या नाशिकला परतणार; घर आवरणं चाललंय. डॉक्टरांचा फोन त्यांनी बंद केलेला नाही. तो वाजला. चष्मा शोधून वहिनींनी वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. रेश्माचा मेसेज होता. 'खांदा बरा हाय डॉक्टर. गावात पोरींना कुस्ती शिकवते. मागं उत्तर दिलं न्हाई, राग व्हता.'

"तिला कळवायला हवं, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी फोन परत हातात घेतला. मग एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, 'बरं वाटलं. सांभाळून राहा.' आणि पाठवून दिलं.

लगोलग उत्तर आलं. 'गावाकडं आलासा तर पोरींना बघायला या.'

वहिनींनी फोन चार्जिंगला लावला, टेबलावर पालथा ठेवला, आणि भांड्यांचा खोका बांधायला घेतला.