शमीम मॅडमची मोठी पानं

शमीम मॅडम वर्गात आल्या की हजेरी घेत नसत, आधी पोरांना जागेवरून उठवत. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायच्या आणि मी शेजारच्या वर्गात नेटवर्क. दुपारच्या तासाला मुळात पोरं कमी, त्यात एकेका बाकावर एकेक राजा ऐसपैस बसलेला. मॅडमचा आवाज भिंत ओलांडून माझ्यापर्यंत यायचा, "सरका रे पोट्टेहो! चार मैतर संगं आले तं त्यायनं काय तुमच्या डोक्यावर बसावं?" सगळे पुढे सरकले आणि मागचे बाक सलग मोकळे झाले की मग खडू उचलत. "हे झालं कॉम्पॅक्शन. ल्हान पानं सरकवल्याशिवाय मोठं पान भेटत नाही. लिहा."

कॉम्प्युटर आपली मेमरी लहान लहान पानांत वाटतो आणि कुठलं पान कुठे ठेवलंय ते पुन्हा पुन्हा शोधत बसतो. शेकडो लहान पानांऐवजी एक मोठं पान केलं की ही शोधाशोध वाचते. पण मोठ्या पानाला सलग मोकळी जागा लागते, आणि ती मिळवून देणं हे कर्नेलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं काम. एवढंच ते शास्त्र, पण मॅडमचा त्याच्यावर भारी जीव. अचलपूरच्या कापड दुकानदाराची लेक. म्हणायच्या, "अब्बा सांगत, गिऱ्हाईक यायच्या आधी थान फाडू नाही."

ती वर्षं वऱ्हाडातल्या शेतीला फार वाईट गेली. पाऊस दगा द्यायचा, पाऊस आला तर अळी यायची, आणि विचारावं म्हटलं तर सांगणारं कोणी नाही. म्हणून मॅडमनी लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर सल्ल्याची फोनसेवा उभी केली. सगळी उत्तरं आधीच बोलून मेमरीत भरलेली. हिवरखेडहून फोन आला तर वऱ्हाडीत उत्तर, मेळघाटातून आला तर कोरकूत. कोरकू आवाज धारणीच्या शिक्षिका फुलमतीबाईंचा. सकाळी सगळं झकास चालायचं. दुपार झाली, फोन वाढले, की मशीनची दातखीळ बसायची. "फवारणी करा, पण..." एवढं बोलून गप्प! पलीकडचा माणूस मशीनच्या खानदानाचा उद्धार करून फोन ठेवायचा.

अखेर वरून, कृषी खात्यातून निरोप आला. सोमवारी तपासणी, मशीन टिकलं नाही तर सेवा पुण्याच्या कंपनीला द्यायची. तिकडे भाषा एकच, पुस्तकी मराठी. कोरकू बंद, वऱ्हाडीही बंद. मॅडम अशा भडकल्या की विचारू नका. "धारणीची बाई जंगलातून फोन लावंन अन् तिले समजंनच नाही, तं त्या फोनचं लोणचं घालावं काय?" त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं, "मोठी पानं लावतो. पळते पाहा मशीन."

लावली. आणि दुपारी मशीन आधीपेक्षाही वाईट! कर्नेल मोठं पान बनवायला निघायचा, लहान पानं सरकवत बसायचा, आणि तोवर फोनवाला ताटकळलेला. मला हसू आलं. "दात काहून काढता, गावंडे सर? डोकं चालवा!" आता मॅडमपुढे कोणाचं डोकं चालणार?

शनिवारी मॅडम अचलपूरला निघाल्या. मलाही परतवाड्याला जायचं होतं, तेव्हा एकाच एसटीत चढलो. आमच्याकडे बाहेरून, खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की ती सीट आपली. हा कायदा मोडायची कोणाची टाप नाही. एक बाई तीन लेकरं घेऊन आली, तिला सलग सीटा हव्या होत्या. मॅडम लागल्याच कामाला. "भाऊ, तुमी तिकडे सरका. आजी, तुमी खिडकीपाशी या." माणसं बिचारी सरकली. पण मधल्या दोन सीटांवर एकेक रुमाल, आणि रुमालांचे धनी चहाला गेलेले.

मॅडम रुमालांकडे बघतच राहिल्या. मग एकदम ओरडल्या, "या अल्ला! गावंडे सर, माणूस सरकवता येते, रुमाल कसा सरकवावा? आपलं फोनचं कार्ड रुमाल टाकून राहिलं!" आणि उतरल्या की हो खाली! कंडक्टर ओरडतोय, "बाई, तिकीट काढलं ना!" मॅडम म्हणतायत, "जा घेऊन!" मीही मागोमाग पळालो, परतवाडा गेलं खड्ड्यात.

झालं होतं ते असं. फोनच्या लाइनी मशीनला जोडणारं ते कार्ड प्रत्येक फोनसाठी मेमरीत कुठेतरी एक लहान पान धरून ठेवायचं. कार्ड थेट त्या पानावर लिहीत असल्यामुळे कर्नेलला ते पान हलवता येत नसे. दुपारपर्यंत मेमरीभर असे रुमाल पसरायचे आणि मोठ्या पानाला सलग जागा उरायची नाही. मॅडमनी कार्ड चालवणारा कोडच बदलला. मशीन सुरू होतानाच कार्डाला एका कोपऱ्यात त्याची सगळी जागा नेमून दिली. "बसा म्हणा रुमालवाल्यायले एकीकडे!"

सोमवारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी मुद्दाम ऐन दुपारी सगळ्या लाइनी एकदम वाजवायला लावल्या. मशीन एका शब्दालाही अडलं नाही. साहेबांनी पुन्हा वाजवायला लावल्या. पुन्हा तेच! मशीन आपलं वऱ्हाडीत बोलतंय, कोरकूत बोलतंय, थांबायचं नाव नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मेळघाटातून एका बाईचा खराखुरा फोन आला. फुलमतीबाईंच्या आवाजात पूर्ण उत्तर गेलं, तरी ती फोन ठेवेना. तपासणीसाठी धारणीहून येऊन आमच्या शेजारी बसलेल्या फुलमतीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"मशीनले विचारून राहिली, साहेब. म्हणते, बाई, माझ्यासाठी इतकी बोलली तू, जेवली का?"

सगळी खोली हसली, साहेब सगळ्यांत मोठ्यानं. डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, ही सेवा इथून हलवायची नाही. मी तसंच सांगतो वर."

मॅडमनी रिसीव्हर उचलला. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"नाही जेवली वं माय," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. "आता जेवतो."