काळी चार, पांढरी चार

गुरुजींनी माझी पट्टी ठरवली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा तुझा सा." काळी चार. पुढे पत्ता बदलला, आडनाव बदललं, पट्टी तीच राहिली. निदान मी तसं समजत होते.

पण स्वतःच्या पट्टीत गाऊन पोट भरत नाही. सकाळी मुरबाडच्या शाळेत प्रार्थना. पोरं उंच किंचाळतात, त्यांच्याबरोबर मीही. दुपारची एसटी पकडून शहापूरला बायकांचा क्लास, तिथे प्रत्येकीचा सा वेगळा. शनिवारी धसईला पुरुषांचं भजनी मंडळ. त्यांची पट्टी खालची आणि चाल मी गाऊन दाखवायची. पंचवीस वर्षं हे असंच चाललंय. घरी आल्यावर कुणी "चहा घेणार का" विचारलं तर मी मानेनेच उत्तर देते. रियाज म्हटलं की मला आता वैतागच येतो.

शहापूरच्या क्लासात पेटीला शेणव्याचे एक काका असतात. घरची भातशेती. लावणीच्या दिवसांत बोटं आखडलेली असतात, तरी सुरात चूक नाही. पंधरा वर्षांची सोबत. तंबोरा त्यांच्याच मोबाइलमध्ये, तो लावायचं कामही त्यांचंच. मी आयत्या तंबोऱ्यावर गायला बसते.

यंदा टोकावड्याच्या देवळातल्या उत्सवात तासभर शास्त्रीय गायचं बोलावणं आलं. शाळेतली बाई म्हणून नव्हे, गायिका म्हणून. कितीतरी वर्षांनी. आनंद झालाच. पण वरचा सा लागेल का? बाकी कुणाला कळो न कळो, मला कळणार होतं.

दुपारी चारला भीमपलास सुरू केला. पेटीला काका, तबल्यावर आमच्या क्लासातलाच साथीदार. मंडपात माणसं बरी होती. मध्येच आडव्या लावलेल्या एका मोटारसायकलचा नंबर माइकवर पुकारून झाला. काकांचं बोट काळी चारवरच आहे, हे मी एकदा बघून घेतलं. आणि वरचा सा लागला. नुसता लागला नाही, थांबला. त्याच्याही पुढे पंचमापर्यंत जाऊन आले. डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. एवढी वर्षं घासूनही गळा शाबूत होता.

माझ्यानंतर कल्याणचा एक बासरीवाला वाजवणार होता. तो वर आला, वाकून म्हणाला, "ताई, सुरेख झालं. काका, तंबोरा बंद नका करू. माझी बासरी पण पांढरी चारचीच आहे."

मी काकांकडे बघितलं. ते भाता बंद करण्यात फारच गुंतले होते.

त्यांची पेटी स्केल चेंजरची. तिच्या पट्ट्या बाजूला सरकवता येतात. मग बोट काळी चारवरच दिसतं, सूर मात्र खालचा, पांढरी चारचा निघतो. कान दोन सुरांमधलं अंतर चोख मोजतो, पण आपण मुळात कुठे उभे आहोत हे त्याला कळेलच असं नाही. आणि मी क्लासात केसभर कमी सुरावरून बायकांना दहादा गायला लावणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान. डोक्यावरचं काळ्याचं पांढरं झालं तेव्हा निदान आरशाने सांगितलं होतं.

नाक्यावर एसटीची वाट बघताना मी विचारलं, "कधीपासून, काका?"

"दोन वरसां झाली. आदी पांढरी पाच केली, तुमाला कळला नाय. मंग काळी तीन. गेल्या दिवाळीपासून ही."

"तबल्यावरचा?"

"त्याला सांगलेला. म्हणून तं त्यानी मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला आनला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगला असता तं तुमी गायचा सोडला असता, बाई."

राग आला होता, तो गिळता येईना. दोघा माणसांनी दोन वर्षं मला लहान मुलीसारखं सांभाळून घेतलं होतं. पण काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी सोडलंच असतं. थकवा तर रोजचाच होता, एवढं निमित्त पुरलं असतं. एसटी आली तेव्हा मी त्यांना मागे सोडून पुढे एकटीच जाऊन बसले.

सोमवारी क्लासात बायका यायच्या होत्या. काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "आता तुमीच लावा, बाई."

मी त्याकडे बघितलंही नाही. मोबाइल त्यांच्याकडे परत सरकवला.

"तुम्हीच लावा," मी म्हटलं. "पट्टी अजून खाली आणावी लागली तर आणा. फक्त मला सांगू नका."