आठीसर

सरांच्या कपाळावर तीन आठ्या होत्या आणि तिन्ही तिथे कायमच्या मुक्कामाला होत्या. उन्हात, सावलीत, निकालाच्या दिवशी पेढा खातानाही त्या हलल्या नाहीत. म्हणून पाठीमागे त्यांचं नाव आठीसर. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद! डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी मी मुखेडहून लातूरला आले, तेव्हा वसतिगृहातल्या जुन्या मुलींनी बॅग ठेवता ठेवताच सांगितलं, "फिजिक्सवाले वरडतेत, केमिस्ट्रीवाले टोमणे मारतेत. जीवशास्त्राचे आठीसर काहीच करत न्हाईत, नुसतं बघतेत. तेच लई वाईट हाय." मी मूळची भित्री.

सर मुरुडचे. रोज सकाळच्या एसटीने यायचे आणि हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आम्हा साठ जणांना शिकवायचे. नावं पाठ करायच्या भानगडीत ते पडत नसत, गावावरून हाक मारत. मी मुखेड, शेजारची भोकर, मागच्या बाकावर उदगीर आणि अहमदपूर. देगलूरची दोन मुलं आली, तर एक थोरलं देगलूर झालं आणि एक धाकलं. "मुखेड, उठ," एवढं कानावर पडलं की सगळ्या तालुक्याची अब्रू माझ्या उत्तरावर टांगलेली आहे, असं वाटायचं.

मेंदूचा धडा आला त्या दिवशी सरांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत बोकडाचा भेजा होता. "एकेकानं हातात घ्यायचा," सर म्हणाले. "तुमचाबी असाच हाय, जरा मोठा. वापरायचा का न्हाई ते तुमच्यावर." थोरलं देगलूर भिंत धरून खाली बसलं. माझ्या तळहातावर तो गार, मऊ गोळा आला. सरांनी बोटाने एकेक जागा दाखवली. वरच्या वळ्या विचाराच्या, मागे तोल सांभाळणारा छोटा मेंदू, खाली देठ. "श्वास हितून चालतो, काळजाचा ठोका हितून सांभाळला जातो. ह्या देठाला धक्का बसला तर खेळ खलास." मग आतल्या बाजूची एक बारकी जागा दाखवून म्हणाले, "आन् भीती हितं बसती. बदामाएवढी जागा लागती तिला. मुखेडच्या डोक्यात नारळाएवढी असंल." सगळे हसले. मी भेजा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी होते.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, हा सरांचा खास विषय. आमच्या परीक्षेला त्याचा एवढा पसारा नव्हता, पण सर दोन दिवस त्यातच घालवत. हिंगाची डबी, कापसाची वात, टॉर्च आणि एक टिकटिकणारं घड्याळ घेऊन यायचे आणि बाकावरच्या जोडीदाराला तपासायला लावायचे. डोळे मिटवून हिंग हुंगवायचं, ती पहिली नस. गालावर वात फिरवायची, ती पाचवी. हसायला लावायचं, ती सातवी. खांदे उडवायचे, ती अकरावी. जीभ बाहेर काढायची, ती बारावी. साठ मुलं एकमेकांना जीभ दाखवत असताना सर रांगांमधून आठ्या घेऊन फिरायचे, आणि हसू आवरताना आमचा जीव जायचा. एका पालकांनी हॉलच्या दारात येऊन विचारलं होतं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सर म्हणाले, "परीक्षेला न्हाई येत. घरात येतं."

सातव्या नसेपाशी ते जास्त थांबायचे. "तोंड वाकडं झालं की आपल्याकडं म्हणतेत वारं लागलं, आन् तेल चोळत बसतेत. तेल ठिवा बाजूला. आधी कपाळ बघा. त्या बाजूची आठी पडत नसंल तर बहुतेक नुसती नस गेली. दवाखान्यात न्या, पण माणूस हातात असतंय. तोंड वाकडं आन् आठी मात्र शाबूत, तर दुखणं वर मेंदूत हाय. कपाळाला दोन्हीकडच्या मेंदूकडून वायर येती, म्हणून ते सुटतं, खालचं तोंड सुटत न्हाई. मग काय करायचं, भोकर?" भोकर उठून म्हणाली, "पळायचं, सर." "कुठं?" "मोठ्या दवाखान्यात." सरांनी मान हलवली. सरांची मान हलणं म्हणजे आमच्याकडे सत्कारच.

त्यांचा एक नियम मात्र जाचक होता. फळ्यावर चित्र चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. "चित्र पुरं झाल्याबिगर शंका न्हाई," असं ते म्हणत. अहमदपूरने एकदा मध्येच सांगितलं, "सर, पंख्याला जळका वास यायलाय." तो तासभर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पंखा खरोखर जळला, तरी सरांनी नियम काही बदलला नाही. पुढे तर पाणी प्यायलासुद्धा आम्ही चित्र संपायची वाट बघू लागलो.

परीक्षेला दोन महिने उरले होते. सर फळ्यावर डोळ्याचं चित्र काढत होते आणि त्यांच्या हातातून खडू पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि डाव्याच हाताने पुढे काढू लागले. दाराच्या वरच्या घड्याळात पावणेअकराला पाच कमी होते. मला वाटलं, सरांना दोन्ही हातांनी येतं वाटतं. लगेच ते बुबुळाला रेटिना म्हणाले. भिंगालाही रेटिना म्हणाले. मागच्या बाकांनी तेही इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं. सर वर्गाकडे वळले तेव्हा त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि कपाळावर तिन्ही आठ्या होत्या तशाच्या तशा. आठ्या बघून सगळ्या माना खाली गेल्या. "लई चिडलेत आज," भोकर कुजबुजली.

मी मात्र त्या आठ्यांकडेच बघत राहिले. मला कळलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी बसून राहिले. चित्र चालू होतं. मनात म्हटलं, माझं चुकत असेल. मुखेडची पोरगी, चाचणीत अर्धे गुण पडणारी, ती सरांना सांगणार तुम्हाला लकवा होतोय? साठ जण हसतील, सर उभं करतील, वर्गातून काढतील, बाबांना फोन जाईल. दुसरं कुणीतरी उठेल म्हणून मी आजूबाजूला बघितलं. सगळे लिहीत होते. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

अकरा वाजता सरांच्या खडूची रेघ फळा सोडून भिंतीवर गेली. मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, जे शिकवलं होतं तेच बाहेर आलं.

"सर, जरा हसून दाखवा."

आठीसरांना हसायला सांगणारी मुलगी त्या क्लासात त्याआधी झाली नव्हती. भोकरने माझी ओढणी खाली ओढली. सर माझ्याकडे बघत होते, नुसतं बघत होते. मग त्यांनी हसायचा प्रयत्न केला. चेहऱ्याची डावी बाजू हसली, उजवी तशीच लोंबत राहिली. मी रडत रडतच म्हणाले, "दोन्ही हात वर करा, सर." सरांनी ऐकलं. डावा हात वर गेला, उजवा जागचा हलला नाही. सरांनी आपल्या त्या हाताकडे पाहिलं आणि हळूच खुर्चीत बसले. थोरलं देगलूर जिना उतरून पळालं आणि दुकानदाराची गाडी घेऊन आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी म्हणाले, "आत्ताच, अकरापासून." वीस मिनिटं मी गिळून टाकली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत, शाबास." गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं आणि सर वाचले. पुढे ते चालायला लागले, पण उजव्या हाताने खडू धरणं गेलं आणि बोलणंही बहुतेक गेलं. क्लास बंद झाला. माझा नंबर लागला, मी नांदेडला डॉक्टरकीला आले. तिथे मेंदूला रक्ताविना एकेक मिनिट किती महाग पडतं ते शिकले, आणि त्या 'शाबास'ची मला भीतीच बसली. माझ्या वीस मिनिटांत सरांचे किती शब्द गेले, हा हिशोब कुठल्याच पुस्तकात सापडेना.

या दिवाळीच्या सुट्टीत मी मुरुडला गेले. सर ओसरीवर बसले होते, लुंगी आणि स्वेटरमध्ये, माझ्या आठवणीपेक्षा लहानखुरे. काकूंनी चहा आणला. मी कप हातात घेतला नाही, आधी बोलून टाकलं. "सर, मला आधीच दिसलं होतं. खडू पडला तेव्हापासून. वीस मिनिटं मी गप्प बसले. डॉक्टरांनाबी खोटं सांगितलं. मला तुमची भीती वाटली, सर."

सरांचे ओठ हलले. शब्द शोधताना त्यांना किती त्रास होतो, ते बघवत नव्हतं. "मी... बी," ते म्हणाले.

मला कळेना. मी काकूंकडे पाहिलं. त्या कप तसाच धरून उभ्या होत्या. "तुला ठाव न्हाई व्हय, बाई? त्या दिवशी सकाळी एसटीतच ह्यांच्या हातातनं तिकीट गळालं. हात पाच मिनिटं हललाच न्हाई, मग आला जाग्यावर. लातूरला उतरून दवाखान्यात जायचं सोडून वर्गात येऊन उभं राहिले. कुणाला सांगितलं न्हाई, मलाबी न्हाई. डाव्या हातानं लिहायला आलं, तवा पाटीवर लिहून दावलं."

"सर, तुम्ही तर आम्हाला शिकवलं होतं," मी म्हणाले. "मग बोलला का न्हाईत?"

सरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग एकच शब्द, पण अगदी स्वच्छ आला.

"भ्यालो."

म्हणजे त्या सकाळी त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त भ्यालेला माणूस फळ्यापाशी खडू धरून उभा होता, आणि आम्ही साठ जण त्यालाच भिऊन गप्प बसलो होतो.