आप्पांनी हाकलून आणलेल्या भोरड्या

अल्माटीला निघाले त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला नारायणगावपर्यंत सोडायला आले. राजुरीहून जीपमध्ये आम्ही दोघं पुढं बसलो आणि बॅगा मागं टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर ठेवल्या. हायवेला पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभे असताना शेजारच्या माणसानं विचारलं, "ताई कुठं निघाल्या?"

"कझाकस्तानला," आप्पा म्हणाले.

आपल्याकडची बरीच मुलं तिकडं डॉक्टरी शिकायला जातात, म्हणून तो म्हणाला, "बरंय की. किती वर्षांचा कोर्स?"

"शिकून झालंय तिचं. पाखरांची डाक्टर हाय ती."

मी दुरुस्त केलं नाही. मी पाखरांवर औषधपाणी करत नाही. त्यांचे रंग आणि वागणं अभ्यासते. पण गाडी समोरून येत होती. आप्पांनी बॅगा चढवल्या, "जपून" एवढंच म्हणाले आणि परतीच्या जीपकडे निघाले. त्यांनी मागं वळून पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोबाइलमध्ये तिकीट शोधत होते.

याला सहा वर्षं झाली. मी ज्यांच्या मागं गेले ती पाखरं आपल्या ओळखीचीच आहेत. आपण भोरड्या म्हणतो, पुस्तकात पळसमैना. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. हिवाळ्यात थव्यानं येऊन ज्वारीवर बसतात आणि उन्हाळा लागला की मध्य आशियात परततात. लहानपणी शाळेआधी मी आप्पांबरोबर ज्वारीतल्या उंच माळ्यावर उभी राहून त्यांना हाकलायचे. आप्पांच्या हातात गोफण आणि माझ्याकडे पत्र्याचा डबा. एकदा मी विचारलं होतं, की संक्रांतीला ही पाखरं मळकट दिसतात आणि होळीपर्यंत गुलाबी कशी होतात?

"न्हाऊन येत असत्याल," आप्पा म्हणाले.

पुढं पीएचडीला मी हाच प्रश्न घेतला. उत्तर साधं आहे. नव्या पिसांच्या कडा मातकट असतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि खालचा गुलाबी उघडा पडतो. रंग चढत नाही, वरचा थर जातो. हे आधीच्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. मला बघायचं होतं ते असं, की ही झीज किती वेगानं होते आणि जास्त गुलाबी झालेली पाखरं थव्यात वेगळी वागतात का. त्यासाठी पाखरं जाळ्यात धरायची, छातीचं एखादं पीस घ्यायचं आणि सोडून द्यायची. वनखात्याची परवानगी मिळाली. जागा पाहिजे होती, जिथं पाखरांना कुणी हाकलणार नाही अशी.

अशी जागा राजुरीत कोण देणार? मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "ओढ्याकडचा तुकडा घे. तिथली ज्वारी त्यांना सोडली म्हणायची."

आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन आपण काय खायचं?"

"वरचा तुकडा हाय ना."

पहिला आठवडा बरा गेला. मी बांधाच्या आडोशाला वही घेऊन बसायचे. किती वाजता थवा आला, किती पाखरं, कोण कुणाला हुसकावतंय हे लिहायचे. मग शेजारचे किसनभाऊ आले. त्यांची ज्वारी आमच्या पूर्वेकडच्या बांधाला लागून होती.

"आप्पा, तुमच्या पोरीची परीक्षा आन माझी कणसं?" ते म्हणाले. "तुमी हाकलत न्हाई म्हणून समदी पाखरं हिकडं गोळा झाली. तुमच्यात जेवत्यात आन माझ्यात दुसरी पंगत मांडत्यात."

भाऊ खोटं बोलत नव्हते. आप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुझं एक कणीस जाऊ देत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या नोंदी एकदम सुधारल्या. एवढे मोठे थवे मी कधी पाहिले नव्हते. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, पाखरं पूर्वेकडून यायची आणि आमच्या तुकड्यावर उतरायची. फक्त उतरल्यावर लगेच खायची नाहीत, माना वर करून बसायची. मी तेही लिहिलं. शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. अकरा दिवस मी अशी प्रश्नचिन्हं काढत होते. बाराव्या दिवशी पूर्वेकडून फटका ऐकू आला, म्हणून बांध ओलांडून गेले.

किसनभाऊंच्या ज्वारीत आप्पा उभे होते. डोक्याला टॉवेल, हातात गोफण. साठी उलटलेला माणूस दुसऱ्याच्या रानात वाकून ढेकळं गोळा करत होता. त्यांनी गोफण फिरवली, थवा उठला आणि सरळ आमच्या तुकड्याकडे गेला. "हां, तिकडं! तिकडं जावा!" ते ओरडले. मग मला बघून हसले. "आज लई येतील बघ."

मला राग आला. तेव्हा फक्त रागच आला, हे लिहून ठेवायला हवं.

"आप्पा, हे असं चालत नाही. पाखरं आपणहून यायला पाहिजेत."

"आली काय आन आणली काय, पाखरू तेच ना?"

"तेच नाही. घाबरून आलेलं पाखरू वेगळं वागतं. अकरा दिवसांचं काम तुम्ही वाया घालवलंत."

त्यांनी गोफण गुंडाळून खांद्यावर टाकली. "मला काय म्हाईत," म्हणाले आणि घरी गेले. संध्याकाळी किसनभाऊ मला म्हणाले, "चहाला सुदिक थांबत नव्हता गं तो. थवा हलला तं पोरीला दिसायचा न्हाई म्हणायचा."

पिसांना काही झालं नव्हतं. पाखरू कुणी हाकललं म्हणून त्याच्या पिसाची झीज बदलत नाही. माझ्या प्रबंधातली रंगाची बहुतेक मापं त्याच गर्दीतल्या पाखरांची आहेत. तेवढी पाखरं नसती तर ते प्रकरण उभं राहिलं नसतं. वागण्याच्या प्रकरणातून मात्र मी ते अकरा दिवस काढून टाकले आणि तळटीप दिली.

प्रबंध छापून आला तेव्हा आप्पांनी तो हातात घेतला. "माझं काय लिवलंय का ह्यात?"

मी तळटीप मराठीत करून वाचली, "मानवी हस्तक्षेपामुळे अकरा दिवसांची निरीक्षणं वगळली आहेत."

"मानवी म्हंजे मी?"

"हो."

"बरंय," आप्पा म्हणाले. "माणसांत धरलंस."

आई हसली. मला हसता आलं नाही. मी उठून पाणी प्यायला आत गेले.

आता मे-जूनमध्ये मी अल्माटीपासून लांब, गवताळ माळावर असते. तिथं हीच पाखरं दगडांच्या ढिगात घरटी करतात. टोळ खातात, म्हणून तिथले मेंढपाळ त्यांना जपतात. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वस्तीवर आम्ही राहतो, त्यांना सगळे अता म्हणतात, म्हणजे आजोबा. ते पाखरांसाठी दगड रचून देतात. आमच्याकडे ह्यांना गोफणीनं हाकलतात, असं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यापुढचा चहाचा पेला पुन्हा भरला आणि विचारलं, "तुम्ही टोळ हाकलता की पाखरं?" मी व्हिडिओ कॉलवर अता आणि आप्पांची गाठ घालून दिली. दोघांना एकमेकांचं काही कळलं नाही. मेंढरं दाखवून झाली, मग दोघंही नुसते मान हलवत राहिले.

बाहेर पडलेल्यांना ठाऊक असेल, गावी गेलं की बॅग खाली ठेवायच्या आत पहिला प्रश्न येतो, "परत कधी?" मला तो फार वर्षं टोचायचा. वाटायचं, आले त्याचं काहीच नाही का? हल्ली तसं वाटत नाही. अल्माटीत माझी खोली आहे, कामाची माणसं आहेत, बाजारातली बाई मला नावानं ओळखते. मी दोन महिने नसले तर तिथलं काही अडत नाही. माझे दिवस मोजणारं ठिकाण एकच आहे आणि त्याला मी घर म्हणते.

गेल्या जानेवारीत आप्पा आणि मी ओढ्याकडे गेलो. तिथं आता द्राक्षं आहेत, वरून जाळी टाकलेली. ज्वारी फक्त कडेला, हुरड्यापुरती. त्यावर पंधरा-वीस भोरड्या बसल्या होत्या. आप्पांना हल्ली लांबचं नीट दिसत नाही.

"रंग आला का त्यांना?"

"अजून नाही. मळकटच आहेत."

"कवा येईल?"

"जायच्या वेळेपर्यंत येईल. एप्रिलात."

"आन तू कवा जाणार?"

"गुरुवारी."

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजे त्यांच्या आधी," म्हणाले, आणि जाळीचा सुटलेला कोपरा बांधायला खाली वाकले.