गळ्यात राहिलेली हाक

त्या दिवशी नेटवर्क होतं. चांगलं भरपूर होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, आणि मायला तर नाहीच. आमचं गोरेगाव म्हणजे मुंबईतलं नव्हे, कनेरगाव नाक्याकडचं खेडं. तिथं आमच्या गल्लीत अजूनही विषय निघाला की माय म्हणते, "ऐन वक्ताला नेटवर्कनं दगा देला, न्हाई तर माहं लेकरू हाक देतच व्हतं." मी तिथंच बसलेला असतो. खाली मान घालून चहा पितो.

जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. पण आधी मी निघालो तो दिवस सांगायला हवा, कारण ती हाक मी त्या दिवशी शेवटची ऐकली.

विनाअनुदानित शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. अनुदान यंदा नक्की येणार म्हणता म्हणता कानामागचे केस पांढरे व्हायला लागले. थायलंडातल्या शाळांना परदेशी इंग्रजी मास्तर लागतात असं एका मित्राकडून कळलं, मी अर्ज केला आणि काम झालं. निघायच्या दिवशी माय आणि धाकटा भाऊ नामदेव जीपच्या ठिकाणापर्यंत आले. आबा आले नाहीत. रोजच्यासारखे मेंढरं घेऊन सकाळीच निघून गेले होते. पोरगं देश सोडून चाललंय आणि या माणसाला मेंढरांची पडलीय, याचा मला फार राग आला.

काळीपिवळी गावाबाहेर पडली आणि पहिल्याच वळणाला थांबली. सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी डोकं बाहेर काढलं. "ओ मामा, घ्या की बाजूला! आतमंदी विमानाचं गिऱ्हाईक हाय, त्याचं विमान काय तुमच्या मेंढ्यांसाठी थांबन व्हय?"

मामा म्हणजे आबाच होते. ते सावकाश माझ्या खिडकीपाशी आले, आत वाकून बॅगेकडं पाहिलं, माझ्या बुटांकडं पाहिलं. मग रस्त्याकडं तोंड करून त्यांनी हाक दिली आणि सगळी मेंढरं पाणी ओसरावं तशी एका कडेला सरकली. आबांनी जीपच्या पत्र्यावर काठी हळूच टेकवली. "जाय. लोकायचा खोळंबा करू नको."

एवढाच आमचा निरोप. जीप अडवता यावी म्हणून ते मेंढरं घेऊन त्या वळणावर सकाळपासून थांबले होते, हे मला फार उशिरा उमगलं. त्या रस्त्याला चारायला काहीच नव्हतं.

आमच्या लोकांत प्रत्येक मेंढपाळाची हाक वेगळी असते. एका ठिकाणी दोन कळप मिसळले तरी ज्याची त्याची मेंढरं हाकेवर निवडून निघतात. आबांची हाक म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेला लांब थरथरता 'र्रर्र' आणि शेवटी छातीतून येणारा, खाली उतरणारा 'ह्यो'. मला ती कुणी शिकवली नाही. लहानपणी एकदा मी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या मागं लपून ती दिली, तर अख्खा कळप आबांकडं पाठ करून माझ्याकडं आला. आबा खूप हसले. म्हणाले, "मेंढरं तर फसली. आता याच्या मायचं फसायचं राह्यलं." माय चुलीपासून ओरडली, "म्या तर लग्नातच फसले!" नामदेवला मात्र ती हाक कधी जमली नाही. त्याचा गळा मायवर गेला होता.

थायलंडात आलो तेव्हा मास्तर पुरवणाऱ्या एजन्सीतल्या बाईंनी माझं बोलणं ऐकून घेतलं. गोड बाई होत्या. म्हणाल्या, तुमचा 'र' फार खडखडतो, जीभ सैल सोडा. आणि पालकांनी विचारलं तर मुंबई सांगा, मुंबई त्यांना माहीत असते. मी आरशासमोर उभा राहून जीभ सैल केली. मुंबई मी फक्त विमानतळाच्या वाटेवर पाहिली होती, पण मुंबईचा झालो. इथं पालकांना गोरा मास्तर हवा असतो. तो मिळाला नाही तर निदान गुळगुळीत बोलणारा तरी हवा.

इकडे शाळा मे महिन्यात उघडतात. पहिल्या दिवशी परदेशी शिक्षकांना मुद्दाम फाटकावर उभं करतात, पालकांना दिसावेत म्हणून. पांढऱ्या शर्टातली पोरं रांगेनं येतात, हात जोडून मान लववतात आणि सुरात 'गुड मॉर्निंग, टीचर' म्हणतात. एकेकाला हसून उत्तर द्यायचं असतं. आपल्याकडं तेव्हा नुकतं उजाडत असतं. उन्हाळ्यात मेंढरं बाहेर काढायची वेळ.

माझ्या इथल्या तिसऱ्या वर्षी, शाळा उघडायच्या थोडंच आधी, आबांना लकवा मारला. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, आता जिवाला धोका नाही, असं नामदेव म्हणाला. नवं सत्र तोंडावर, नवा करार व्हायचा. मी गेलो नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकावर असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आबांचं काही झालं असेल म्हणून धसकून उचलला. पडद्यावर मायचा अर्धा चेहरा, मागं वाडगं.

"दत्ता, मेंढरं निघूनच न्हाई राहिली रे," माय म्हणाली. "नाम्याच्या मागं वाडग्याच्या तोंडापर्यंत येतात अन् माघारी फिरतात. आबाच्या खाटंकडं पाहत हुभी राहतात. चारा न्हाई, पाणी न्हाई. तुहा गळा बराबर त्यायच्यासारखा. नाम्यानं तो मोठ्या आवाजाचा डबा जोडलाय फोनला. एकदा हाक दे बापा. एकदा निघाली की मंग जातील."

मागून नामदेव म्हणाला, "दे दादा लवकर. नाहीतर दुपारी व्यापारी येऊन राहिला मेंढरं न्यायला. मला नाही सांभाळता येत."

मग त्यानं फोन खाटेकडं वळवला. आबांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डोळे मात्र पूर्वीचेच, आणि ते माझ्याकडं पाहत होते.

माझ्या डाव्या हाताला मुख्याध्यापिका उभ्या होत्या. उजव्या हाताला इंग्लंडहून नवा आलेला शिक्षक, ज्याच्याशी मी आठवडाभर फार जपून बोलत होतो. समोर पालक, फोटो काढणारे. बाजूला व्हायला जागा होती. शाळेमागं मोकळं मैदान होतं. दोन मिनिटं द्या म्हटलं असतं तर मुख्याध्यापिका हसून हो म्हणाल्या असत्या. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. पण तो आवाज माझ्या तोंडून निघाला आणि कुणी वळून पाहिलं तर, एवढंच डोक्यात होतं.

मी म्हणालो, "माय, आवाज येत नाही. नेटवर्क नाही."

"येऊन राहिला की! आमाला तर साफ येऊन राहिला. दत्ता? काहून रे..."

मी फोन बंद केला. समोर एक लहानशी पोरगी हात जोडून थांबली होती. मी तिला हसून गुड मॉर्निंग म्हणालो. पहिल्या तासाला प्राण्यांची चित्रं होती. मेंढीचं चित्र मी सगळ्यात खाली सरकवलं आणि तास संपेपर्यंत वर येऊ दिलं नाही.

व्यापारी दुपारी आला. मेंढरं गाडीत चढेनात, तेव्हा पायांना धरून आत टाकली. आबांनी भिंतीकडं तोंड केलं, ते पुन्हा अंगणाकडं केलं नाही, असं नामदेव सांगतो. तो आता कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर कामाला जातो. आबा पावसाळ्यात गेले. मी पोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती. माय मला जवळ बसवून म्हणाली, "फोन बंद पडला तरी लय वेळ फोनकडंच पाहत व्हते. त्यायला वाटलं तू देतोच हाक. नेटवर्कनं घात केला रे."

मी 'हो' म्हणालो. पहिल्या वेळी मी घाबरून खोटं बोललो होतो. या वेळी विचार करून बोललो.

फोनवरच्या हाकेनं मेंढरं निघालीच नसती, असं मी स्वतःला समजावत आलो. तसंही असेल. नंतर म्हणायला लागलो की मी ती हाक विसरलोच होतो, जीभ वळलीच नसती. पण मागच्या वर्षी शाळेची सहल एका मेंढ्यांच्या बागेत गेली. इकडं लोक तिकीट काढून मेंढ्यांना बाटलीनं दूध पाजतात, फोटो काढतात. पोरं पुढं गेली आणि मी कुंपणाशी एकटा होतो, तेव्हा हळूच हाक दिली. 'र्रर्र' तसाच थरथरला, 'ह्यो' छातीतून आला. काही विसरलो नव्हतो. त्या मेंढ्यांनी मान वर केली नाही. त्यांची माझी ओळख नव्हती.

घरी वाडग्यात आता एकच मेंढी आहे. लंगडते म्हणून व्यापाऱ्यानं ती सोडून दिली होती. म्हातारी झाली आहे, मायच्या मागंमागं फिरते. सुट्टीत गेलो की मी वाडग्याशी उभा राहतो, ती पाठमोरी रवंथ करत असते, आणि माझ्या तोंडात हाक तयार असते. देत नाही. तिनं वळून पाहिलं तर त्या सकाळी काय झालं असतं ते मला कळेल. आणि मायलाही.

यंदाही शाळा उघडली. मी फाटकावर उभा होतो, माझा 'र' आता कुणाला खटकत नाही. इथली पोरं मला जीव लावतात, इथलं जेवण मला आवडतं, आणि कुणी घर कुठं विचारलं तर मी अलीकडं मुंबई म्हणत नाही, गोरेगाव म्हणतो. पण घर म्हणताना डोळ्यांपुढं ना खोल्या येतात, ना अंगण. एक ओकंबोकं वाडगं येतं, आत लंगडी मेंढी आणि कडेला फोन धरून उभी असलेली माय.

दिवाळीला जाणार आहे. मायसमोर उभं राहून आबांची हाक पुरी द्यायची आहे, मेंढी वळो न वळो. आणि मग तिला सांगायचं आहे की त्या दिवशी तिचा आवाज मला साफ येत होता. माझ्याकडं त्या दोघांचं एवढं देणं आहे, आणि ते अजून तसंच आहे.