उसवलेली टोपी

सुट्टीत मुलांना क्रोशे शिकवायची दुर्बुद्धी मला झाली, ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. सावेडीतल्या आमच्या पोर्चमध्ये आठ पोरं सतरंजीवर बसायची. नगरचा मे महिना, पंख्याचा वाराही गरम आणि घामेजल्या बोटांना लोकर चिकटलेली. चार दिवस झाले तरी गाडी साखळीच्या पुढे सरकेना. एकाची साखळी इतकी घट्ट की तीत सुई शिरत नव्हती, दुसरीची इतकी ढगळ की बोट जावं. ‘टाके मोज’ हे दोन शब्द मी दिवसातून शंभर वेळा म्हणत असेन. त्यात आया फाटकात उभ्या, ‘बाई, काही तयार झालं का? ग्रुपवर फोटो टाका ना!’ माझं डोकं फिरायचं.

मन लावून बसायची ती एकच मुलगी, नऊ वर्षांची. घरचे पाथर्डीकडचे, वडील एमआयडीसीत कामाला. तिला नुकताच भाऊ झाला होता आणि बारसं आठवड्यावर आलं होतं. ‘बाई, बाळाला टोपी मीच करनार. समद्यांना सांगितलंय मी,’ ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

मन होतं, पण हात वळत नव्हता. टोपीचा गोल वाढवताना ती टाके वाढवायला विसरायची, मग आठवलं की एकदम चार वाढवायची. मी म्हणायची, ‘उसव.’ ती उसवायची आणि पुन्हा सुरू करायची. पिवळी लोकर पिंजून केसाळ झाली. तिच्या त्या सोशिकपणाचाही मला राग यायचा. रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

बारशाच्या दोन दिवस आधी टोपी कशीबशी टोपीसारखी दिसू लागली. एक बाजू लोंबत होती आणि मधे दोन टाके गळून भोकं पडली होती. मला ते बघवेना. ‘ठेव इथं, मी जरा नीट करून ठेवते,’ मी म्हणाले. पोरं गेल्यावर दुपारी बसले आणि पार पहिल्या टाक्यापर्यंत उसवलं. दोन तासांत टोपी तयार झाली, कडेला झालरसुद्धा लावली. स्वतःवरच खूष झाले मी.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपी उलटसुलट करून पाहिली. मी शिकवल्याप्रमाणे तिनं टाके मोजले.

‘बाई, ह्यात माझं कुठाय?’

‘अगं, तुझीच आहे. मी फक्त नीट केली.’

‘माझ्या टोपीला दोन भोकं हुती.’

माझा पारा चढला. ‘भोकांची टोपी घालतं का कुणी बाळाला?’ मी ओरडले. तिनं टोपी घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी, बारशाच्या सकाळी, ती क्लासला आली नाही.

बारशाला बोलावणं होतं, म्हणून गेले. पाळण्यातल्या बाळाच्या डोक्यावर बाजारातलं टोपडं होतं. तिची आई ओशाळून म्हणाली, ‘बाई, टोपी लई झकास झालीय, पन ही घालू देईना. म्हनती, पाव्हन्यांनी इचारलं कुनी केली, तर खोटं कसं बोलू?’

मला तिथून उठून जावंसं वाटलं. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, आणि एका पोरीचं काम तिला न विचारता मोडून ठेवलं होतं मी.

ती घुगऱ्या वाटत माझ्यापाशी आली. मी हळूच म्हणाले, ‘उद्या ये. नवी टोपी कर. मी हात लावणार नाही, शपथ.’

तिनं माझ्या ओंजळीत घुगऱ्या टाकल्या.

‘पन बारसं तर झालं, बाई,’ ती म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.